इन्शुलिन खातं कोण?

किस्से गोळा करायला मी कुठं गेले नाही. एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यान पुलगावच्या एका छोट्या दवाखान्यात मी लॅब सांभाळायचे, आणि सकाळी मिलचा भोंगा झाला की किस्सेच बाटलीत भरून माझ्या खिडकीशी येऊन उभे राहायचे! आता नातवंडं विचारतात, "आजी, तू सायंटिस्ट होतीस का गं?" मी म्हणते, "हो तर. लोकांची लघवी उकळायचे!"

लॅब हा शब्द जरा मोठाच झाला. खोली एवढीशी, की मी आत गेले की स्टूल बाहेर काढावं लागे. एक टेबल, स्पिरिटचा दिवा, टेस्टट्यूबचा लाकडी स्टँड आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची मोठी बाटली. निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी आहे. पिवळं, नारिंगी करत करत विटकरी लाल झालं, की समजायचं या माणसाला चहासुद्धा फिक्का प्यावा लागणार.

आमचे डॉक्टर लिमये पुण्याचे. पुण्याचा माणूस पुलगावात कशाला आला हे कुणाला कळलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. बोलणं एकदम पुस्तकातलं. कंपाउंडर गुलाबराव मात्र इथलेच, बोलणं अस्सल वऱ्हाडी. मधे मी. पगार लॅबचा, काम दुभाष्याचं!

*

पहिला किस्सा बाटलीचाच.

लघवी आणायला दवाखाना काही बाटल्या देत नसे. लोक घरातलं जे सापडेल ते आणायचे. खोबरेल तेलाची, अत्तराची, शाईची. एकदा तर एका बाईंनी पितळी लोटा आणला, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. गुलाबरावांना वाटलं ताक आहे. वेळीच सांगितलं म्हणून वाचले!

दारूगोळ्याच्या डेपोत एक कारकून होते. अंगानं काडी, तब्येत ठणठणीत. नोकरीच्या कसल्याशा तपासणीसाठी आले. ट्यूब उकळली, तर विटकरी लाल! डॉक्टर हादरले. लगेच भात बंद, गूळ बंद, पुरणपोळी बंद. बिचारा तीन आठवडे ज्वारीची भाकरी आणि पालक खात राहिला. दर आठवड्याला लघवी आणायचा आणि दर आठवड्याला तोच रंग. माणूस आणखी वाळला. डॉक्टर म्हणाले, "आता इन्शुलिन सुरू करावं लागेल."

त्या दिवशी कारकुनांची बायको सोबत आली होती. इंजेक्शनचं नाव ऐकून घाबरली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, एक विचारू? बाटली धुवाची असते काय?"

मी बाटली उजेडात धरली. तळाशी बोटभर मध होता.

*

आर्वीचे बन्सीलालजी कापसाचे अडत्ये. दर पंधरा दिवसांनी एसटीनं पुलगावला यायचे, आल्या आल्या गाडी किती उशिरा सुटली ते सांगायचे, आणि मग बाटली काढायचे. त्यांचा माझ्या बेनेडिक्टवर विश्वास नव्हता. त्यांची परीक्षा जुनी, म्हणजे अंगणातल्या मोरीवर मुंग्या येतात का ते बघायचं.

"देखो बाई, तुमची नळी चुकू शकते. चिटी नाई चुकत!"

एकदा दीड महिना आलेच नाहीत. आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. गुलाबरावांना पेढा, मला पेढा, आणि डॉक्टरांसमोर स्वतः दोन तोंडात टाकले.

"डॉक्टरसाब, मी बरा झालो! एक मुंगी येऊन नाई राह्यली. इंजेक्शन बंद करून टाकलं!"

डॉक्टरांचा चेहरा पडला. मी ट्यूब उकळली. इतका लाल रंग मी त्याआधी पाहिला नव्हता. बन्सीलालजी मानायलाच तयार नाहीत. शेवटी गुलाबरावांनी विचारलं, "शेठजी, तुमच्या घरी मलेरियावाले फवारा माराले आलते काय?"

"आलते ना! सारं घर, अंगण, मोरी, धुऊन काढली त्यायनं. डीडीटी."

डॉक्टर उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "अहो, तुमची साखर नाही गेली! मुंग्या गेल्या!"

*

संपतराव मिलमध्ये जॉबर, म्हणजे हाताखाली वीसपंचवीस माणसं राबवणारा मुकादम. आवाज असा, की यंत्रं चालू असताना ऐकू जाईल. तो आवाज ते दवाखान्यातही तसाच वापरत.

डॉक्टर त्यांना समजावत होते, "संपतराव, तुमचं स्वादुपिंड नीट काम करत नाही."

संपतराव ताडकन उठले. "पिंड? ओ डॉक्टर, मी जिता आहे अजून! पिंड तं मेल्यावर ठेवतेत!"

मी मधे पडले. म्हटलं, "संपतराव, पोटात जठराच्या मागं एक ग्रंथी असते, तिचं नाव आहे ते."

"मंग नाव ठेवणाऱ्याले दुसरं नाव नाई सुचलं?"

डॉक्टरांनी चिकाटी सोडली नाही. म्हणाले, "असं समजा, तुमच्या मिलमध्ये सूत निघतं, तसं या स्वादुपिंडात इन्शुलिन निघतं. ते रक्तात जातं आणि साखर आटोक्यात ठेवतं. पण शरीरातच काही एन्झाइमं असतात, ती हे इन्शुलिन तोडून टाकतात. काम झालं की तोडायलाच हवं, नाहीतर साखर फार खाली जाईल."

संपतरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "थांबा. सूत काढणारे बी आपलेच, तोडणारे बी आपलेच?"

"हो."

"मंग हे तोडणारे बसतेत कुठी?"

"बहुतेक यकृतात. कलेजी म्हणता ना, तिथं."

"अन् जिथं सूत निघते तिथंच एखादा कैची घेऊन बसला असन तं? तुमाले कसं समजन?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता अर्धवट सोडली. पेन टेबलावर ठेवलं. उठून कपाटातलं जाडं पुस्तक काढलं आणि तिथंच उभ्यानं चाळायला लागले. खरं सांगू, त्या दिवसापासून त्या माणसाच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

संपतराव जाताना मला म्हणाले, "बाई, डॉक्टरले काय झालं? मी तं सिद्धाच सवाल केलता!"

*

आठवड्याभरात दवाखान्यात तीन ससे आले.

डॉक्टरांचा बेत असा. एका सशाला नुसतं इन्शुलिन टोचायचं. दुसऱ्याला बकऱ्याच्या कलेजीच्या रसात भिजत ठेवलेलं. तिसऱ्याला बकऱ्याच्या स्वादुपिंडाच्या रसात भिजत ठेवलेलं. ज्या रसात इन्शुलिन तुटलं असेल, त्याच्या सशाला काही होणार नाही. ज्याचं शाबूत असेल, तो साखर उतरून लटपटेल.

गुलाबरावांना खाटकाकडे पाठवलं. खाटीक म्हणाला, "कलेजी समजली. पण हे दुसरं काऊन नेता? हे तं आमी कुत्र्याले टाकतो!"

गुलाबराव म्हणाले, "आमचे साहेब पुण्याचे आहेत." खाटकाला तेवढं पुरलं.

प्रयोग सुरू झाला. तासाभरात पहिला ससा आडवा, पाय झाडायला लागला. ग्लुकोजची सिरिंज मी भरूनच ठेवली होती. टोचली, मांडीवर घेऊन बसले. पंधरा मिनिटांनी त्यानं कान हलवले तेव्हा मला रडूच आलं. बाकीचे दोन मजेत कोथिंबीर खात होते.

डॉक्टर टाळ्या वाजवायला लागले. "वानखडेबाई! स्वादुपिंडातही आहे! संपतरावांची कात्री सापडली!"

गुलाबराव दारात पुड्या बांधत उभे होते. म्हणाले, "साहेब, एक बोलू? तुम्हीच सांगलं होतं का याच पिंडातून अन्न पचवाचे रस बी निघतेत. ते रस मटन पचवते. मंग इन्शुलिन काऊन नाई पचवणार? त्यासाठी निराळी कैची कायले पायजे?"

डॉक्टर स्टुलावर बसले. पाचक रसांचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळा प्रयोग पाण्यात!

मग म्हणाले, "गुलाबराव, तुम्ही कंपाउंडर का झालात हो?"

"मॅट्रिकले सायन्समधी नापास झालतो, साहेब."

*

रेल्वेत वामनराव म्हणून पार्सल क्लार्क होते. मोठा सज्जन माणूस. वेळेवर येणार, वेळेवर जाणार, इन्शुलिनची रिकामी बाटली परत दाखवून नवी नेणार. इन्शुलिन घरी घ्यायचे. डॉक्टरांनी वीस युनिटांवर सुरू केलं. लघवी लाल. चाळीस केलं. लाल. साठ. तरी लालच!

ऐंशी झालं तेव्हा डॉक्टरांच्या डोळ्यांत तेज आलं. मला म्हणाले, "बाई, लक्षात येतंय का? या माणसाच्या शरीरात ते एन्झाइम भयंकर प्रमाणात आहे. कितीही इन्शुलिन द्या, तोडून टाकतंय. अशी केस हजारात एखादी!"

मुंबईच्या एका प्रोफेसरांना त्यांनी चार पानी पत्र लिहिलं. वामनरावांना खुर्ची द्यायला लागले, चहा विचारायला लागले. वामनराव ओशाळून जायचे. त्यांना वाटे आपण रेल्वेत आहोत म्हणून हा मान.

प्रोफेसरांचं उत्तर आलं, की डोस स्वतःच्या हातानं देऊन खात्री करा. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. उद्या इथं, माझ्यासमोर, ऐंशी युनिट."

दुसऱ्या दिवशी वामनराव बायकोसह आले. घामानं सदरा ओला. मी दंडावर स्पिरिट लावलं. डॉक्टरांनी सिरिंज उजेडात धरून हवा काढली. सुई कातडीला टेकणार, तेवढ्यात बायको किंचाळली,

"अवो डॉक्टर, थांबा! त्यायले सुई पाहून घेरी येते!"

"घेरी? रोज घेतात ना घरी?"

"घेतेत ना. सकाळी चहाच्या आधी, कपात. चिमूटभर मीठ टाकून!"

डॉक्टरांनी सुई झटकन मागं घेतली. मलाही तेव्हाच उमजलं. आजवर ज्याच्या रक्तात इन्शुलिनचा थेंब गेला नव्हता, त्याला एकदम ऐंशी युनिट! माणूस टेबलावरून उठला नसता. डॉक्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये रिकामी केली आणि स्टूल ओढून वामनरावांसमोर बसले.

"वामनराव," म्हणाले, "सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाई, साहेब. बाटली संपली काय एवढंच विचारलं. ती संपत होती."

ते गेल्यावर मी भीत भीत विचारलं, "आता प्रोफेसरांना काय कळवायचं?"

"कळवा, की माझा सिद्धांत खरा ठरला," डॉक्टर म्हणाले. "इन्शुलिन एन्झाइमनंच खाल्लं. फक्त पोटातल्या!"

*

संपतरावांच्या मुलीचं लग्न होतं. दवाखाना बंद करून आम्ही तिघंही गेलो. नवरदेवाचं वऱ्हाड आर्वीकडून येणार होतं, त्यांची गाडी वाटेत बंद पडली. मुहूर्त टळला, दुसरा काढला, तोही टळायला आला. संपतराव मांडवात नुसते फिरत होते. घाम पुसत होते, हात कापत होते. बायका म्हणाल्या, मुलीच्या बापाचं असंच होतं.

वऱ्हाड आलं. अंतरपाट धरला. तिसऱ्या मंगलाष्टकाला संपतराव धाडकन खाली! कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल हुंगायला आणली, एका म्हातारीनं सरळ रडायलाच सुरुवात केली. मी आचाऱ्याकडे धावले, जिलबीच्या पाकाची वाटी उचलली आणि संपतरावांचं डोकं एका कुशीवर करून बोटानं पाक गालाच्या आत चोळायला लागले.

नवरदेवाच्या आईनं माझा हात धरला. "ओ बाई! डायबेटिसवाल्याले गोड चारून राह्यल्या? मारता काय माणसाले?"

"हात सोडा!" मी अशी ओरडले, की तिनं खरंच सोडला. मागून डॉक्टर ग्लुकोजचं इंजेक्शन घेऊन पोचले.

संपतरावांनी डोळे उघडले. मुलगी हार बाजूला टाकून वडिलांच्या छातीवर पडली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिला शब्द काढला, "वऱ्हाड जेवलं काय?"

हुंदके आणि हसू एकदमच फुटलं. डॉक्टर मात्र संतापले होते. "संपतराव, सकाळी इंजेक्शन घेतलंत?"

"घेतलं."

"आणि जेवलात काय?"

"कन्यादान व्हाचं आहे, डॉक्टर. बाप उपाशी राह्यते."

"अहो, मग इंजेक्शन कशाला घेतलंत?"

"तुम्हीच म्हणालते, इंजेक्शन चुकवाचं नाई. जेवण चुकवाचं नाई असं कुठी म्हणालते?"

*

आता देवराव गुरुजींचं सांगते.

नाचणगावचे. शाळेत सायन्स शिकवून रिटायर झालेले. मधुमेह जुना, पायाला जखम झालेली, ती भरत नव्हती. तरी काठी टेकत यायचे. डॉक्टरांना आख्ख्या पुलगावात एन्झाइमवर बोलायला मिळालेला तो एकच माणूस. दोघं एकदा बसले की बाहेर रांग वाढत जायची.

एकदा गुरुजींनी विचारलं, "बकऱ्याचं झालं, उंदराचं पुस्तकात वाचलं. माणसाच्या स्वादुपिंडात हे इन्शुलिन तोडणारं एन्झाइम नेमकं कुठं असतं, पाहिलं का कुणी?"

"नागपूरला माझा वर्गमित्र त्यावर काम करतोय," डॉक्टर म्हणाले. "पण ताजं स्वादुपिंड मिळत नाही."

"माझं घ्या."

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, भलतंच काय!" पण दुसऱ्या दिवशी गुरुजी रीतसर अर्ज घेऊन हजर. 'विषय: मृत्यूनंतर स्वादुपिंड देणेबाबत.' खाली सही, साक्षीदार म्हणून त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची सही, आणि एका कोपऱ्यात स्वतःच काढलेली आकृती, नावं देऊन!

उन्हाळ्यात पायाचं विष अंगात भिनलं. चार दिवस आमच्याच दवाखान्यात होते. पाचव्या दिवशी सकाळी गेले. डॉक्टरांच्या तोंडून अर्जाचा शब्द निघेना. काकूच पिशवीतून कागद काढून पुढं आल्या. "त्यायचा शब्द आहे. तुमचं काय ते घ्या, मंग आमी नेतो त्यायले."

डॉक्टरांनी हात धुतले. काम करताना त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि हात अडकलेले, त्यामुळे मी त्यांचे डोळे पुसत होते. ग्रंथी माझ्या हातात देऊन म्हणाले, "ताबडतोब बर्फात."

स्टेशनवरून आणलेला बर्फ भुशाच्या पेटीत तयारच होता. मी ग्रंथी काचेच्या बरणीत ठेवली, बूच घट्ट लावलं, बरणी बर्फात बसवली. गुलाबराव ती पेटी मांडीवर घेऊन पॅसेंजरनं नागपूरला निघाले. शेजारच्या माणसानं विचारलं, "लोणचं काय?" गुलाबराव म्हणाले, "नाई. मास्तर आहेत." तो माणूस वर्धेला डबा बदलून गेला!

आठ दिवसांनी नागपूरहून पत्र आलं. डॉक्टरांनी वाचलं आणि माझ्या हातात दिलं. लिहिलं होतं, की ग्रंथी फॉर्मेलीनमध्ये आली. फॉर्मेलीननं प्रत्येक एन्झाइम मरतं. त्यामुळे काहीही सापडण्याची शक्यता नाही.

मीच ओतलं होतं. शरीराचा कुठलाही तुकडा बरणीत ठेवला की तो सडू नये म्हणून वर फॉर्मेलीन ओतायचं, हे मला ट्रेनिंगमध्ये इतकं घोटवलं होतं, की ओतल्याचं मला आठवतही नव्हतं. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत.

मी दोन दिवस नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना म्हटलं, "काकूंना मीच सांगते." तेही सोबत आले. नाचणगावला काकूंच्या ओसरीवर बसलो. चहा झाला. काकूंनीच विचारलं, "काय निघालं मंग त्यायच्या पिंडात?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "काकू, माझ्या हातून बिघडलं. चुकीचं औषध ओतलं मी. नागपूरवाल्यांना काहीच सापडलं नाही."

"काहीच नाई?"

"काहीच नाही." आणि मला रडू फुटलं.

काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते, पण तोंडावर हसू होतं.

"रडू नको, माय. अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला म्या त्यायच्यासंगं. त्या माणसाच्या आत काय आहे ते मले नाई सापडलं, तं नागपूरवाल्यायले एका बरणीत काय सापडणार!"